सुट्टीतली इंग्रजी आणि भट्टीवरची मुले

शाळेच्या सुट्टीत गरीब घरांतल्या मुलांसाठी इंग्रजीचे वर्ग चालवण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. वर्षभर शाळेत शिकवलेली इंग्रजी सुट्टीत विसरली जाते. ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तक, शिकवणी किंवा इंग्रजी बोलणारे माणूस असते त्यांचे फारसे बिघडत नाही, बाकीच्यांचे बिघडते. अमेरिकेतील संशोधक हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अशा ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. उन्हाळी सुट्टीनंतर मुले सरासरीने सुमारे महिनाभराच्या अभ्यासाइतकी मागे जातात आणि वाचनात ही घसरण गरीब घरांतल्या मुलांमध्ये अधिक दिसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या मोजमापांवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. तरी परक्या भाषेपुरती ही गोष्ट समजायला सोपी आहे. मराठी सुट्टीतही कानावर पडते, बाजारातला हिशेबही तोंडी होत राहतो. आदिवासी वारल्यांच्या पाड्यावर किंवा मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांच्या आळीत इंग्रजी वाक्य मात्र दीड महिना कुणी उच्चारत नाही.

पालघर जिल्ह्याचा चिंचणी, तारापूर आणि बोईसर हा पट्टा या विषयाच्या अभ्यासाला फार सोयीचा आहे, कारण इथे इंग्रजीची गरज आणि इंग्रजीची अनुपलब्धता या दोन्ही गोष्टी एकमेकींना खेटून आहेत. चिंचणी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे जुने गाव. खाडीपलीकडचे तारापूर आणि पूर्वेकडचे बोईसर पालघर तालुक्यात येतात. तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या आणि देशातले पहिले अणुवीज केंद्र या किनाऱ्यावर उभे राहिले. त्यामागोमाग बोईसरजवळची औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांच्या कारखान्यांत काम शोधत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून कुटुंबे आली. उत्तरेला वाढवण येथे होणाऱ्या मोठ्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. कारखान्यातल्या पिंपावरची धोक्याची सूचना, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, आयटीआयचे तांत्रिक शब्द, नोकरीचा अर्ज, मोबाइलचा पडदा हे सगळे इंग्रजीत असते. याच पट्ट्यात वारली, कातकरी, मांगेला, मच्छी, भंडारी, वाडवळ, वंजारी अशा समाजांची घरे आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेच्या आकड्यांनुसार सुमारे ३७ टक्के आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात हा निर्णय झाला. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू होत असे. निर्णयामागचा हेतू चांगला होता. जी भाषा श्रीमंताच्या मुलाला बालवाडीत मिळते ती गरिबाच्या मुलाला दहाव्या-अकराव्या वर्षी का मिळावी, हा प्रश्न आजही रास्त आहे. पण खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाला स्वतः बोलण्याइतकी इंग्रजी येते का, याचा विचार मागाहून सुरू झाला. औरंगाबादची राज्य आंग्लभाषा शिक्षण संस्था प्रशिक्षणे घेत होती. पुढे २०१६ पासून ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांच्या ‘तेजस’ या उपक्रमात शिक्षकांचे छोटे गट एकत्र बसून इंग्रजी बोलण्याचा आणि शिकवण्याचा सराव करू लागले. तरीही ग्रामीण मुलांचे शिकणे तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीने जे चित्र वर्षानुवर्षे दाखवले ते बोलके आहे. २०१६ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्के मुले साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकत होती, आणि २००९ पासून त्यात जवळजवळ फरक पडला नव्हता. आठवीत तर हे प्रमाण ६०.२ वरून ४५.२ टक्क्यांवर उतरले होते. म्हणजे पहिलीपासून विषय आला, पुस्तक आले, परीक्षा आली. भाषा आली नाही.

डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावर या अडचणीला आणखी एक थर आहे. वारली मूल घरी वारली बोलते, मांगेल्याचे मूल मांगेली बोलते. या बोली मराठीच्या नात्यातल्या असल्या तरी पाठ्यपुस्तकातली मराठी त्या मुलांना शाळेतच शिकावी लागते. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या मराठी मुलाला जी इंग्रजी दुसरी भाषा, ती या मुलाला तिसरी होते. बोईसरच्या कामगार वस्तीत भोजपुरी किंवा ओडिया घरातले मूल आधी हिंदी, मग मराठी आणि त्यानंतर इंग्रजी अशी शिडी चढत असते. कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो: पहिल्या भाषेत वाचण्याची आणि विचार मांडण्याची क्षमता पक्की झाली की ती दुसऱ्या भाषेच्या कामी येते, पहिलीच कच्ची राहिली तर दुसरीही डळमळते. शालेय मराठीच नीट न उमजलेल्या मुलाच्या पाटीवर सुट्टीत इंग्रजी मुळाक्षरे गिरवून घेणे हा वेळेचा अपव्यय आहे, आणि अनेक शिबिरांत तोच होतो.

सुट्टीतल्या वर्गाचा विचार करताना सुट्टी कुणाची, हे आधी पाहावे लागते. शाळेच्या वेळापत्रकात दिवाळीचे दोन-तीन आठवडे आणि मे ते जूनच्या मध्यापर्यंतचा दीड महिना अशा दोन मोठ्या सुट्ट्या आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या तालुक्यांतल्या गरीब आदिवासी कुटुंबांचे वर्ष निराळे चालते. पावसाळ्यात भाताची लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी. ती आटोपली की घरातले धान्य थोडे आणि मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर. मग वसई, भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर सगळे कुटुंब निघते आणि पावसाच्या तोंडावर परतते. भट्टीवर माती कालवणे, साच्यातून विटा पाडणे, सुकण्यासाठी त्या उलटणे ही कामे पहाटेपासून चालतात. आठ-नऊ वर्षांची मुले विटा उलटतात आणि धाकट्या भावंडांना सांभाळतात. शाळा भरते त्या महिन्यांत ही मुले शाळेत नसतात. मुलांना सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, स्थलांतरित मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकाची सोयही आहे. पण भट्टीपासून शाळा लांब असली आणि आई-बाप दिवसभर मातीत असले की कागद खिशातच राहतो.

किनाऱ्यावरच्या मुलांचे वर्ष आणखी वेगळे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मे महिन्यात होड्या शेवटच्या फेऱ्या मारत असतात, पावसापूर्वी सुकी मासळी तयार करून ठेवण्याची घाई असते आणि घरातले प्रत्येक हात त्यात गुंतलेले असतात. म्हणजे शहरातल्या संस्थेने मे महिन्यात सकाळी दहाला लावलेला वर्ग मांगेला वस्तीत अर्धा रिकामा राहण्याची शक्यता मोठी, आणि तो संध्याकाळी लावला तर भरण्याची. पाड्यावर मात्र मे अखेरीस भट्टीवरून परतलेली मुले सापडतात. त्यांच्यासाठी तीच वेळ योग्य आहे, कारण काही दिवसांनी शाळा उघडते आणि मूल सात महिन्यांच्या खंडानंतर पुन्हा बाकावर बसणार असते.

मुलाच्या वेळापत्रकाप्रमाणे शाळेने चालावे, हा विचार डहाणू तालुक्याला नवा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तेही १९४५ सालच. एकाच वर्षी, एकाच मुलखात या दोन गोष्टी घडल्या याची नोंद शिक्षणाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिका पाड्यावर गेल्या. मुलांची नखे कापणे, केस विंचरणे, आंघोळ घालणे इथपासून त्यांनी सुरुवात केली आणि घराच्या अंगणातच बालवाडी भरवली. गुरे राखणारी मुले दिवसभर कुरणात असतात, म्हणून कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना दगड, बिया, पाने यांच्या मदतीने मोजणी आणि भाषा शिकवली जाई. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याहून मोठा सन्मान म्हणजे अंगणात भरणाऱ्या बालवाडीची ही कल्पना १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी म्हणून देशभर पोचली.

कोसबाडचा प्रयोग इंग्रजीसाठी नव्हता. त्याचा सगळा भर मुलाच्या परिसरावर आणि बोलीवर होता. तरी सुट्टीत इंग्रजी शिकवू पाहणाऱ्याने अभ्यासावा असा याहून चांगला नमुना जवळपास नाही. त्याच परंपरेतून १९८२ मध्ये अनुताई आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली. डहाणू तालुक्यातल्या ऐने येथील तिच्या शाळेत आदिवासी मुलांच्या शिकण्याचे वेगळे प्रयोग झाले. तिथे काम केलेले नीलेश निमकर यांनी २००७ मध्ये वाडा तालुक्यातल्या सोनाळे येथून ‘क्वेस्ट’ या संस्थेचे काम सुरू केले आणि वाचन-लेखन शिकवण्याच्या पद्धतींवर शिक्षकांबरोबर बारकाईने काम केले. वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी नव्वदच्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या. भट्टीवर मजूर राहतात ती तात्पुरती झोपडी म्हणजे भोंगा. शाळाही तशाच भोंग्यात भरे आणि हंगाम संपला की उठे. ज्या मुलाचे गाव दर सहा महिन्यांनी बदलते त्याच्यासाठी शाळेने आपले बिऱ्हाड हलवावे, हे या लोकांनी करून दाखवले.

इंग्रजीच्या सुट्टीवर्गांत जगात सर्वांत पुढे गेलेला देश म्हणून दक्षिण कोरियाकडे पाहावे लागते. तिथे १९९७ पासून तिसरीपासून इंग्रजी शिकवली जाते. जुलै-ऑगस्टची आणि हिवाळ्याची अशा दोन मोठ्या सुट्ट्यांत मध्यमवर्गीय मुले खासगी शिकवणी संस्थांत किंवा इंग्रजी शिबिरांत जातात. खासगी शिकवण्यांवर कोरियन पालकांनी २०२३ मध्ये सुमारे २७ लाख कोटी वॉन खर्च केले. त्यात इंग्रजीचा वाटा फार मोठा आहे. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी दोन वाटा निघाल्या. एक सरकारी होती: २००८ मध्ये सुरू झालेल्या योजनेत इंग्रजीभाषक देशांतले आणि परदेशी वाढलेले कोरियन तरुण ग्रामीण प्राथमिक शाळांत शाळेनंतरचे इंग्रजी वर्ग घेत. दुसरी वाट गरीब वस्त्यांतून आली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी कार्यकर्त्यांनी अभ्यासिका चालवल्या होत्या. २००४ मध्ये कायद्याने त्यांना स्थानिक बालकेंद्रे म्हणून मान्यता दिली आणि आज अशी चार हजारांहून अधिक केंद्रे आहेत. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मूल तिथे जेवते, अभ्यास करते, खेळते. स्वयंसेवक येऊन इंग्रजीही शिकवतात. परदेशी तरुण वर्ष-दोन वर्षांनी परत जात, केंद्र आणि तिथले जेवण मात्र वस्तीतच राहते. कोरियाकडून घ्यायचे असेल तर ते हे दुसरे.

जेवणाचा मुद्दा इथे सुटता कामा नये. शाळा चालू असते तेव्हा मुलाला दुपारचा पोषण आहार मिळतो. सुट्टीत तो थांबतो. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही तो द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी दिला होता. त्या आदेशातले शहाणपण दुष्काळापुरते मर्यादित नाही. मे महिन्यात पाड्यावरचे पावसाआधीचे दिवस ओढाताणीचे असतात. उपाशी मुलासमोर इंग्रजी कविता म्हणवून घेणारा वर्ग कितीही चांगला असला तरी अपुरा आहे. खिचडी, उसळ, केळी यांची तजवीज करूनच वर्गाचा आराखडा करावा.

प्रत्यक्ष शिकवण्यात पहिला आठवडा तोंडीच असावा. मुलांच्या बोलण्यात आधीच असलेले शब्द ही चांगली सुरुवात ठरते. बोट, इंजिन, डिझेल, टेम्पो, शिफ्ट, गेट, गॅस, प्लांट, मोबाइल, रिचार्ज, बॅटरी हे शब्द चिंचणी-बोईसरच्या कोणत्याही मुलाला माहीत असतात. आपल्याला इंग्रजीतले काहीच येत नाही, ही त्याच्या मनातली भीती या शब्दांनी जाते. पुढची पायरी हालचालीची. शिक्षकाने ‘स्टँड’, ‘रन’, ‘टच द डोअर’, ‘पिक अप द स्टोन’ म्हणायचे आणि मुलांनी ते करायचे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत शास्त्रशुद्धपणे मांडली. तिचा गुण असा की मुलाला बोलायची सक्ती नसते. ते आधी ऐकते, समजते आणि धीर आल्यावर स्वतः हुकूम सोडू लागते. कुरणात गुरांमागे धावणाऱ्या किंवा वाळूत खेळणाऱ्या मुलांना बाकावर बसून केलेल्या घोकंपट्टीपेक्षा हे कितीतरी जवळचे आहे.

वाचनाकडे वळताना देवनागरीचा आधार घ्यावा. देवनागरी वाचणाऱ्या मुलाला अक्षर म्हणजे ध्वनी हे ठाऊक असते. इंग्रजी अक्षरांची नावे घोकायला लावली की मूल गोंधळते, कारण ‘एच’ या नावात ‘ह’ कुठेच ऐकू येत नाही. म्हणून ध्वनींपासून सुरुवात करणारी पद्धत श्रेयस्कर. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांचे ध्वनी आधी घेतले की ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’, ‘पॅन’, ‘टिन’, ‘नॅप’ असे शब्द मूल पहिल्या काही दिवसांतच स्वतः जुळवून वाचते. स्वतः वाचलेला पहिला शब्द मुलाला जी उभारी देतो ती कोणत्याही बक्षिसाने मिळत नाही. अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत. मराठीत ‘व’ एकच, इंग्रजीत दोन. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत मध्ये. मराठीत ‘वर’, ‘खाली’, ‘आत’ नामाच्या नंतर येतात, इंग्रजीत ते शब्द आधी. प्रश्न विचारताना मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडला की काम भागते, इंग्रजीत शब्दांचा क्रमच बदलावा लागतो. या जागा शिक्षकाने मुलांना बोलीत समजावून सांगाव्यात आणि मग इंग्रजीत भरपूर सराव द्यावा. वर्गात केवळ इंग्रजीच बोलायची असा हट्ट पाड्यावर निष्फळ ठरतो. तिथे त्याचा एकच परिणाम होतो: मुले गप्प बसतात.

आणखी एक गट सहसा नजरेतून सुटतो. आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून काही मुले नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत जातात, बरीचशी आश्रमशाळांत असतात. ही सगळी सुट्टीत घरी येतात. इंग्रजी शाळेतल्या मुलाला पाड्यावर इंग्रजी बोलायला कुणी नसते, आश्रमशाळेतल्या मुलाला ती बोलायची संधी शाळेतही क्वचित मिळते. दोघांना एकत्र आणून मोठ्याने धाकट्याला शिकवावे अशी रचना केली तर बाहेरून येणाऱ्या शिक्षकावरचा भार कमी होतो, आणि त्या मोठ्या मुलाला आपल्या शिक्षणाचा आपल्या पाड्याला उपयोग झाल्याचे समाधान मिळते. असा वर्ग चालवायला चिंचणीच्या पट्ट्यात माणसेही आहेत. चिंचणी तारापूर एज्युकेशन सोसायटीचे पी. एल. श्रॉफ महाविद्यालय गावातच आहे. तिथल्या मुलामुलींपैकी कित्येकांची घरे या पाड्यांच्या आणि कोळीवाड्यांच्या लगतची असणार; बोली येणारा, वस्ती ओळखणारा आणि पुढच्या वर्षीही तिथेच असणारा शिक्षक त्यांच्यातून घडू शकतो. मुंबईहून एका आठवड्यासाठी येणाऱ्या अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्यापेक्षा असा शिक्षक दहापट मोलाचा आहे. पाहुण्याने यावेच, पण या स्थानिक शिक्षकाचे इंग्रजी सुधारण्यासाठी यावे.

पैशाचा प्रश्न या भागात तरी अडू नये. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक आहे आणि शिक्षण त्या यादीत आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांकडून शाळांना संगणक, दप्तरे, रंगवलेल्या भिंती मिळतात. त्याच पैशातून स्थानिक तरुण शिक्षकांचे मानधन आणि मुलांचे दुपारचे जेवण सलग पाच वर्षे मिळाले, तर फरक मोजता येईल. वर्गाच्या आरंभी आणि अखेरीस प्रत्येक मुलाचे वाचन तपासून त्याची नोंद ठेवावी आणि ती नोंद जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या हाती द्यावी, एवढी शिस्त मात्र पाळली जावी.

दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी आटोपत येते आणि जव्हार-मोखाड्याची कुटुंबे भट्ट्यांकडे निघण्याच्या तयारीत असतात. वसई, भिवंडी, कल्याण, पनवेलच्या आसपास राहणाऱ्या ज्या वाचकांना इंग्रजी शिकवण्याची इच्छा आहे त्यांनी मे महिन्यापर्यंत थांबू नये. जवळची वीटभट्टी शोधावी, तिथल्या मुलांची नावे लिहून घ्यावीत, सर्वांत जवळच्या जिल्हा परिषद शाळेत ती नोंदवावीत आणि संध्याकाळचा एक तास होळीपर्यंत तरी न चुकता द्यावा.